झऱ्यापर्यंतची चवड

माझ्या सासूबाईंना त्या भागात सगळे बीवाली म्हणतात. जंगलखात्याच्या रोपवाटिकेत त्यांनी एकतीस वर्षं झाडांचं बी गोळा केलं, पाखडलं, वाळवलं आणि पेरलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी पोस्टमनसुद्धा फाटकातून "बीवाल्या आजी, पत्र आहे" अशीच हाक मारतो. मी त्यांना आई म्हणते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं नुसती तोंडानं म्हणत होते, पुढे केव्हातरी मनापासून म्हणायला लागले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे मी जे केलं ते ऐकून सुनेनं सासूवर सूड उगवला असं कुणालाही वाटेल.

त्यांचं घर जंगलात आहे. शेजार म्हणावा तर अर्ध्या तासाच्या वाटेवर. तीन खोल्या, लोखंडी शेगडी, तिचं छपरातून वर गेलेलं धुराडं, बाजूला पत्र्याची शेड आणि दारापासून साठ पावलांवर झरा. सासरे वनरक्षक होते, त्यांनी स्वतःच्या हातानं हे घर उभं केलं. ते जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून आई तिथे एकट्या. दरवर्षी थंडी सरली की मी आठ दिवसांची रजा काढते आणि घराची साफसफाई करायला जाते. माझा नवरा याला माझी हौस म्हणतो. असेलही. मी एका कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. सव्वीस वर्षं फायलींना चिठ्ठ्या लावून त्या जागच्या जागी ठेवण्यात गेली, त्यामुळे पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. घरात चमचा उलटा पडला असेल तर मला झोप लागत नाही, आणि हे मी अभिमानानं सांगत असे.

या वर्षी निघताना नवरा दारापर्यंत आला. म्हणाला, "या वेळी नीट बघून ठेव. मी रविवारी येतो. धुराडं, छप्पर, सरपण, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः. कुठेही काही कमी दिसलं तर तिला घेऊनच परत यायचं. आता पुढच्या वर्षी बघू वगैरे नाही."

मागच्या खोलीत त्यानं पलंगसुद्धा टाकून ठेवला होता. त्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत लागते. मी पलंगावर चादर घातली, उशी ठेवली, आणि तिथे आई बसल्या आहेत असं डोळ्यांसमोर आणून बघितलं. मला ते जमलं नाही. म्हणून मी ठरवलं, की रविवारपर्यंत घर असं लख्ख करून ठेवायचं की त्याला बोट ठेवायला जागा सापडू नये.

आई नेहमीसारख्याच दारात उभ्या होत्या. "आलीस? आधी हात धू, मग घर हलव," म्हणाल्या.

पहिल्या दिवशी धुराडं. मी छपरावर चढून काठीला बांधलेला ब्रश आत सोडला, आई खाली बादली धरून बसल्या. सगळं काम झाल्यावर बघते तर अर्धी काजळी बादलीत आणि अर्धी त्यांच्या केसांत. "आज तुम्ही माझ्यापेक्षा तरुण दिसताय, सगळे केस काळे झाले," मी म्हटलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना थंडीसाठी लावलेल्या फळ्या काढल्या, रजया आणि गाद्या कुंपणावर टाकून बडवल्या. बुधवारी झऱ्याच्या दगडी टाक्यातला वर्षभराचा पालापाचोळा उपसला. पाणी गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं. आम्ही दोघी काठावर बसून ते निवळण्याची वाट पाहत राहिलो. मला ते घर आवडतं ते अशा वेळी. ओल्या मातीचा वास येतो, कुठेतरी सुतारपक्ष्याची ठकठक चालू असते, पाठीवर ऊन असतं आणि कुणाला कसलीही घाई नसते. कार्यालयात मी वर्षभर या आठ दिवसांवर जगते.

रोज सकाळी चहाचे पेले घेऊन आम्ही पायरीवर बसायचो. त्या ऊन येईल त्या दिशेला तोंड करायच्या. एकदा म्हणाल्या, "सांग बघू, समोरच्या झाडाला पालवी कितपत आलीय?"

"समोर तर आहे. बघा की," मी म्हटलं. मी तेव्हा मोजे रफू करत होते.

"तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"आलीय. तांबूस आहे."

"तांबूस म्हणजे अजून आठ दिवस," त्या म्हणाल्या आणि पेल्यात बोट बुडवून चहा किती उरलाय ते पाहिलं. मी त्यावरूनही त्यांना बोलले. चहात बोट घालतात का कुणी! त्यांनी बोट पुसलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पण माझ्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपत होती ती लाकडांची चवड.

सरपण कुठे ठेवायचं? शेडमध्ये. त्यासाठीच शेड असते. पण आईंनी दोन वर्षांपासून नवीनच खूळ काढलं होतं. दाराच्या पायरीपासून थेट झऱ्यापर्यंत, वाटेच्या उजव्या कडेनं, त्यांनी कमरेइतक्या उंचीची चवड रचली होती. वर छप्पर नाही, खाली फळी नाही. खालचे ओंडके कुजायला लागलेले, त्यांवर भूछत्रं उगवलेली. बरं, रचलीय तीही धड नाही. मधूनच एखादा ओंडका वीतभर बाहेर आलेला. वळणावर एक दोन फाट्यांचं दुबेळकं असंच खोचलेलं. शेवटी झऱ्यापाशी एक साल काढलेलं गुळगुळीत लाकूड, कशाचा कशाला मेळ नाही. आणि कहर म्हणजे, शेड रिकामी आणि ही चवड जशीच्या तशी. थंडी संपली तरी तिच्यातलं एक लाकूड जळलेलं नव्हतं.

"आई, जाळली का नाही ही? कुणासाठी राखून ठेवलीत?"

"असू दे गं. राहू दे तिथेच."

"हा शुद्ध कवडीचुंबकपणा झाला. लाकडं कुजवायची आणि आपण कुडकुडत बसायचं."

"म्हण तसं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, म्हातारपणी माणूस चिकट होतो, तसं असेल. आणि रविवारी नवरा येऊन पहिल्यांदा हेच बघणार. रिकामी शेड आणि पावसात भिजणारं सरपण. तो म्हणणार, हिला आता एवढंही सुचत नाही, चल घेऊन. म्हणजे त्या घरातून त्यांना काढायला कारण हवं असेल तर ते दारातच रचून ठेवलं होतं.

गुरुवारी पोस्टमनची गाडी येते. त्या दिवशी आई त्याच्याबरोबर रोपवाटिकेत जाणार होत्या. वर्षभर जमवलेलं बी त्या दर वसंतात तिथे नेऊन देतात, निवृत्त झाल्यावरही. आदल्या दिवशी त्यांनी पुड्या बांधल्या. प्रत्येक डब्यातलं बी चिमटीत घेऊन बोटांनी चोळायच्या, नाकाशी न्यायच्या आणि झाडाचं नाव सांगायच्या, आणि मी पुडीवर ते लिहायचे. डब्यांवर एकही चिठ्ठी नव्हती. त्यावरूनही मी तोंड सोडणारच होते, पण त्यांचं एकदाही चुकलं नाही, म्हणून गप्प राहिले.

गाडी वळणाआड गेली आणि मी पदर खोचला.

सबंध दिवस मी ती चवड हलवली. साठ पावलांची लाकडं, हातगाडीवर घालून शेडमध्ये. जाड खाली, बारीक वर, कापलेली तोंडं एका रेषेत. अगदी फायलींसारखी. कुजायला आलेले पंचवीसेक ओंडके निवडून काढले आणि कुऱ्हाडीनं फोडून ढलप्या केल्या, शेगडीला लगेच वापरता येतील अशा. तळहाताला फोड आले, कंबर बोलायला लागली. चारच्या सुमारास वाट झाडून मी शेडच्या दारात उभी राहिले आणि खरं सांगते, मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ऊन उतरायच्या आत गाडी आली. फाटकापासून दारापर्यंत कुंपण आहे, त्याच्या कडेनं आई आल्या. पिशवी पायरीवर ठेवली. बाहेरून आलं की आधी झऱ्यावर जाऊन तोंड धुवायचं, ही त्यांची जुनी सवय. मी बोलले नाही. त्यांना आपणहून दिसू दे, म्हटलं.

त्या पायरीवरून उतरल्या आणि त्यांचा उजवा हात कमरेच्या उंचीवर पुढे गेला. तिथे काही नव्हतं. हात थोडा डावीकडे गेला, थोडा उजवीकडे गेला, मग खाली आला. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. मग हळूच खाली बसल्या आणि जिथे दोन वर्षं लाकडं होती तिथली मऊ, पांढुरकी माती बोटांनी चाचपली.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या. "इथली लाकडं कुठे गेली?"

"शेडमध्ये! सगळी रचली. आता बघा कशी सुकतात ती."

"सगळी?"

"कुजकी तेवढी फोडली."

त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. त्या बघत होत्या ते माझ्या शेजारच्या दाराच्या चौकटीकडे, माझ्यापासून हातभर बाजूला. मी जागची हलले नाही, आणि त्या चौकटीकडेच बघत राहिल्या. तेव्हा मला कळलं. चहातलं बोट, पालवी, बियांचे डबे, सगळं एकदम कळलं. मी धावत गेले आणि त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. रडल्या वगैरे नाहीत, एखाद्या रोपाला कीड कशी लागली ते सांगावं तसं सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी समोर धुकं यायला लागलं. पोस्टमनबरोबर जाऊन डॉक्टरला दाखवलं. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही, असं तो म्हणाला. आता समोरचं काहीच दिसत नाही, कडेनं उजेड-सावली तेवढी कळते.

"पोस्टमनला माहीत आहे आणि आम्हाला नाही?"

"तो लोकांची पाकिटं बंदच पोचवतो. त्याला सवय आहे."

"मग दोरी तरी बांधायची होती! खांब रोवून झऱ्यापर्यंत दोरी बांधली असती, झालं असतं."

"दोरी बांधली की येणारा जाणारा विचारतो, दोरी कशाला? लाकडाच्या चवडीला कुणी काही विचारत नाही." मग म्हणाल्या, "तूही विचारलंस ते जाळली का नाही, एवढंच."

बाहेर आलेले ओंडके दर दहा पावलांची खूण होते. दुबेळकं म्हणजे वळण. सोललेलं लाकूड म्हणजे पुढे पाणी, पाय जपून. मी कशाचा कशाला मेळ नाही म्हटलं होतं.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. "आई, थंडीत काय जाळलंत?"

"शेडमध्ये होतं तेवढं जाळलं. मग काटक्या. शेवटचा महिना-दीड महिना दोन रजया घेतल्या अंगावर."

"दारात एवढी लाकडं असताना?"

"ती जाळली असती तर पाण्याला कशी गेले असते?" त्या म्हणाल्या.

मी तोंड दुसरीकडे वळवून रडले. वळवायची काही गरज नव्हती, पण सवय.

शुक्रवारी सकाळी आम्ही चवड परत रचायला घेतली. मी लाकडं आणायची, आई सांगायच्या. साल वर ठेव, म्हणजे हाताला कुसळ लागत नाही. हे हलतंय, काढ. अजून चार बोटं उंच. त्या प्रत्येक लाकडावरून हात फिरवत मागे मागे सरकत होत्या. मी सव्वीस वर्षं फायली लावतेय, पण असं काम माझ्याकडून कुणी तपासून घेतलेलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत दुबेळकं बसलं, चौथी खूण बसली, पाचवी बसली आणि लाकडं संपली. झऱ्याच्या अलीकडे सहा पावलं जागा उरली. मी फोडलेल्या ओंडक्यांची ती जागा होती. सोललेलं लाकूड पलीकडे एकटंच पडलेलं. जंगलात उन्मळून पडलेलं एक झाड होतं, पण ते कापून आणणं आम्हा दोघींचं काम नव्हतं.

मी विचारलं, "उद्या त्यांना काय सांगू?"

"तुझा नवरा, तुझं तोंड. मी मध्ये पडणार नाही."

"सांगितलं तर ते तुम्हाला घेऊन जातील."

"हो."

"तिथे मागची खोली..."

"माहीत आहे. मी बघितलीय ती, दिसत होतं तेव्हा." त्या ढलप्यांच्या ढिगाशी बसल्या होत्या. "मला मरायची भीती नाही गं वाटत. तिथे पाणी कुणीतरी आणून देईल, याची वाटते."

त्या रात्री मी जागीच होते. नवऱ्याच्या जुन्या शर्टांची फडकी केली तेवढं सोडलं, तर मी त्याच्यापासून आजवर काही लपवलेलं नाही. आणि सांगितलं नाही अन् उद्या त्या झऱ्यात पडल्या, तर मी कुणाला तोंड दाखवू? इकडे आड, तिकडे विहीर. सकाळपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं.

रविवारी तो आला. धुराड्यात टॉर्च मारून पाहिलं, छपरावर चढून आला, खिडक्या उघडझाप केल्या. "छान," म्हणाला. शेड उघडली, ती रिकामी. मग वाटेकडे बघून त्यानं कपाळावर हात मारला. "आई, हे काय गं! अजून तसंच? कुजेल सगळं."

"तू दमला असशील. थांब, ताजं पाणी आणते," आई म्हणाल्या आणि कळशी घेऊन निघाल्या.

मी त्यांच्या आधी वाटेनं पुढे गेले. आई येत होत्या, ताठ, एक हात चवडीवर अलगद सरकणारा, आणि माझा नवरा बोलत बोलत त्यांच्या मागे. वळणावर त्या सहज वळल्या. पाचवी खूण ओलांडली. आता पुढे हात रिकामा पडणार, तेवढ्यात मी कोपरापासून हात आडवा करून कमरेशी धरला. काही ठरवून नाही. त्यांची बोटं शेवटच्या लाकडावरून माझ्या हातावर आली, क्षणभर थबकली, आणि तशीच टेकून राहिली. मी ती सहा पावलं एकेक करून आडवी चालले.

नवरा मागून हसला. "आज सासूसुनेचं फारच गूळपीठ जमलंय!"

आई थांबल्या. बोटांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "अडीच वर्षं झाली. हिला गुरुवारी कळलं, तेही चुकून. मी सांगणार नव्हते. पण तिला तुझ्याशी खोटं वागायला लावून मला इथे राहायचं नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. तो त्यांच्या समोर येऊन उभा राहिला, डोळ्यांसमोर हात हलवला, आणि मग तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी तो मला म्हणाला, "तिचं सामान भर."

"भरू दे," आई म्हणाल्या. "आधी मला पाणी भरू दे."

त्यांनी पायानं सोललेलं लाकूड चाचपलं, वाकून कळशी भरली, कमरेवर घेतली. मी त्यांना चवडीच्या टोकापर्यंत पोचवलं. तिथून त्यांनी माझा हात सोडला आणि भरल्या कळशीनं एकट्या घराकडे गेल्या. थेंब सांडला नाही. नवरा त्यांच्या मागोमाग चालत होता, हात पुढे धरून, पडल्या तर झेलता याव्यात म्हणून. त्यांना ते दिसत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

मी झऱ्यापाशीच थांबले. दारात तो बराच वेळ उभा राहिला. मग पायरीवरून उतरला, उजवा हात चवडीवर ठेवला आणि डोळे मिटले. माझा एवढा मोठा, पन्नाशीचा नवरा डोळे मिटून माझ्याकडे येऊ लागला. पहिल्या खुणेशी अडखळला. बाहेर आलेल्या ओंडक्यावर हात ठेवून उभा राहिला, मग पुढे निघाला. दुबेळक्यापाशी वळला. पाचव्या खुणेपुढे त्याचा हात एकदम खाली गेला, आणि तो जागच्या जागी थांबला. डोळे मिटलेलेच. हात तसाच हवेत, काहीतरी शोधत. मी हाक मारली नाही. मला वाटलं, त्याला थोडा वेळ तिथे उभं राहू द्यावं.

त्यानं डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. त्यानं रिकामी जागा पावलांनी मोजली.

"सहा पावलं," तो म्हणाला. "शिवाय जाळायची वेगळी लागतील. ती शेडमध्ये." मग घराकडे वळून ओरडला, "आई, करवत कुठे आहे?"

आई दारात आल्या. "शेडच्या दारामागे, डाव्या हाताला, खिळ्यावर," म्हणाल्या. "हिनं हलवली नसेल तर."

मी ती हलवली नव्हती.